'हॅलोवीन' (१९७८) पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी: प्रत, पडदा, आवाज आणि नजर कुठे ठेवायची

रीळघर

'हॅलोवीन' या भयपटाबद्दल नव्या प्रेक्षकांच्या दोन तक्रारी पुन्हा पुन्हा वाचायला मिळतात. एक, 'यात रक्तच नाही'. दोन, 'अर्धा सिनेमा सरला तरी काही घडत नाही'. पहिली तक्रार खरी आहे, आणि सिनेमाचं सगळं बळ त्यातच आहे. दुसरी मात्र बहुतेक वेळा चुकीची प्रत, चुकीचं सेटिंग आणि उजेडाची खोली यांच्यामुळे येते. पहिला तासभर सतत काही ना काही घडत असतं, फक्त ते कडेला, मागे आणि धूसर घडतं. ते दिसलं नाही तर सिनेमा खरोखरच कंटाळवाणा होतो.

जॉन कार्पेंटरनं १९७८ च्या वसंतात, वीसेक दिवसांत, सुमारे तीन लाख डॉलरमध्ये हा सिनेमा काढला. पटकथा त्याची आणि निर्माती डेब्रा हिलची. कथा इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड या काल्पनिक गावात घडते, चित्रीकरण झालं कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडिना आणि हॉलीवूडच्या गल्ल्यांमध्ये. पैसा एवढा कमी असूनही त्यांनी पॅनाव्हिजनच्या ॲनामॉर्फिक लेन्स घेतल्या, म्हणजे २.३५:१ ची (उंचीच्या २.३५ पट रुंद) लांबच लांब आडवी चौकट. छायालेखक डीन कंडीनं त्या रुंदीचा कोपरान् कोपरा वापरलाय. म्हणून सुरू करण्याआधी एवढं कराच.

प्रत ९१ मिनिटांची हवी. १०१-१०२ मिनिटं दाखवत असेल तर ती टीव्हीसाठी वाढवलेली आवृत्ती आहे. तिच्यातले जास्तीचे प्रसंग १९८१ मध्ये, दुसऱ्या भागाच्या वेळी चित्रित करून मध्ये घातलेत. त्यानं चाल मोडते, शिवाय पुढच्या भागातलं एक गुपित आधीच सुचवलं जातं. ती आवृत्ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बघा.

टीव्हीतलं हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. सोनीत त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगच्या जुन्या सेटवर ऑटो मोशन प्लस आणि नव्यांवर पिक्चर क्लॅरिटी. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा आहे. हे सेटिंग चालू असलं की टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून भरतो आणि सुरुवातीचा तो प्रसिद्ध तरंगता शॉट लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसायला लागतो. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तोच लावा, बरीच कटकट एका बटणात मिटते. वीजबचत आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चमक बदलणारा सेन्सर, हेही बंद.

खोली अंधारी हवी. टीव्हीच्या मागे मंद दिवा चालेल, समोर एकही नको, कारण या सिनेमात अर्धी चौकट काळी असते आणि त्या काळ्यात तुमच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं. मध्यंतर घेऊ नका. ९१ मिनिटंच आहेत.

या धाग्यावर शेवट कुणी सांगू नये ही विनंती. भर घाला, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

काळी_पट्टी

चौकटीबद्दल आकडे देतो, कारण 'झूम' बटणानं या सिनेमाचं जेवढं वाटोळं केलंय तेवढं कशानंच केलं नसेल.

आजचा टीव्ही १६:९ म्हणजे १.७८:१. त्यावर २.३५:१ चं चित्र पूर्ण रुंदीत बसवलं की ते उंचीचा साधारण ७६ टक्के भाग व्यापतं. ४३ इंची टीव्हीवर हिशेब करा: पडदा अंदाजे ९५ सेंटिमीटर रुंद आणि ५३.५ उंच, चित्र ४०.५ सेंटिमीटर उंच, म्हणजे वर आणि खाली साधारण साडेसहा-साडेसहा सेंटिमीटरची काळी पट्टी. ती दिसली पाहिजे.

पट्ट्या घालवायला झूम केलं तर डावी-उजवीकडून १२-१२ टक्के चित्र गायब होतं. पूर्वीच्या ४:३ टीव्हीसाठी आणि व्हिडिओ कॅसेटसाठी कापलेल्या प्रतींमध्ये तर ४३ टक्के जायचं. आणि कंडी-कार्पेंटर नेमके त्याच पट्ट्यात मुखवटा घातलेला खुनी उभा करतात! कुंपणाच्या झुडपाशी, वाळत घातलेल्या चादरींमध्ये, खिडकीपलीकडच्या रस्त्यावर. नायिका मधोमध बोलतेय आणि तो कडेला आहे. कड कापली की प्रेक्षकाला फक्त रस्त्यानं चालणाऱ्या मुली दिसतात, आणि मग तो म्हणतो काही घडत नाही.

अंतरही महत्त्वाचं. ४३ इंचाला दीड मीटर, म्हणजे पाच फूट. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर, मध्ये दहा-बारा फूट. तेवढ्यावरून मागची धूसर आकृती दिसणारच नाही. खुर्ची पुढे ओढा. मोबाइलवर हा सिनेमा पहिल्यांदा पाहू नये, अजिबात.

काळा रंग तपासायची सोपी युक्ती: सुरुवातीच्या नावांना काळ्या पार्श्वभूमीवर कोरलेला भोपळा आहे. त्याच्यामागचं काळं आणि वरच्या-खालच्या पट्टीचं काळं जवळजवळ एकजीव दिसायला हवं. पार्श्वभूमी राखाडी दिसली तर ब्राइटनेस जास्त आहे, किंवा प्लेअर आणि टीव्ही यांची एचडीएमआय ब्लॅक लेव्हल (काळं किती गडद दाखवायचं ते सेटिंग) जुळत नाही. एक 'लिमिटेड' आणि दुसरा 'फुल' असला की एक तर सगळं धुरकट होतं, नाही तर अंधारातलं सगळं गिळलं जातं. दोन्हीकडे एकच ठेवा.

रीळघर

ब्लॅक लेव्हलचं लिहिलंत ते फार बरं झालं. शेवटच्या भागात एक अंधाऱ्या दाराची चौकट आहे. कंडीनं तिथला दिवा डिमरवर ठेवून हळूहळू वाढवलाय. काळं गिळलं जात असेल तर तो प्रसंग झटका देतो, काळं फिकट असेल तर आधीच सगळं दिसून जातं. दोन्हीत मूळ परिणाम जातो. मूळ परिणाम असा, की आपली नजर अंधाराला सरावल्यासारखी होते आणि काय दिसतंय ते कळायला एक-दोन सेकंद लागतात. मात्र तो प्रसंग आधी लावून सेटिंग तपासू नका, भोपळ्यावरच तपासा.

झपताल१०

संगीतावर लिहायचंय, कारण आपल्याकडच्या कानाला ते जास्त नीट कळू शकतं.

मुख्य धून ५/४ मध्ये, म्हणजे पाच ठोक्यांच्या आवर्तनात आहे. कार्पेंटरला हा ठोका त्याच्या संगीताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांनी लहानपणी बाँगोवर शिकवला होता. अर्ध्या ठोक्याला (पाश्चात्त्य 'एट्थ नोट'ला) एक मात्रा धरली तर आवर्तन दहा मात्रांचं. आपला झपतालही दहाचाच, पण विभाग २-३-२-३. इथे विभाग ३-३-२-२ पडतात. हातावर टाळी देऊन बघा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन, एक-दोन. पहिले दोन तीन-तीनचे गट ऐकले की कान पुढेही तीन-तीनच धरून चालतो. तिथे दोन-दोन येतात आणि सम दोन मात्रा आधीच येऊन आदळते. जिना उतरताना पायरी अपेक्षेपेक्षा आधी लागावी तसं. ही धून कितीही वेळा ऐकली तरी अंग सैल पडत नाही त्याचं कारण हे.

पेटीवर वाजवायची असेल तर काळी तीनचा सा धरा. उजव्या हातानं: प सा सा, प सा सा, प सा, कोमल ध सा. यातले प आणि ध त्या साच्या वरचे. एवढंच. पंचम तीनदा टोचतो आणि चौथ्या खेपेला अर्धा सूर चढून कोमल धैवत होतो. मग हीच आकृती जशीच्या तशी एक पट्टी खाली उतरते, काळी तीनवरून पांढरी चारवर. आधार सरकतो, पण सुटका होत नाही. खालून सिंथेसायझरचे लांब खर्जातले सूर.

सगळं पार्श्वसंगीत तीन दिवसांत झालंय. नामावलीत 'बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा' असं नाव दिसेल, तो वाद्यवृंद अस्तित्वातच नव्हता. केंटकीतलं बोलिंग ग्रीन हे कार्पेंटरचं गाव. संगीताशिवायची प्रत एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवली तेव्हा त्यांना ती जराही भीतीदायक वाटली नव्हती, हे त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. तेव्हा आवाज कमी करून, शेजारच्या खोलीतल्यांना त्रास नको म्हणून पुटपुटत्या आवाजात हा सिनेमा पाहू नका. हेडफोन लावा.

एकच_स्पीकर

झपताल१०, पेटीचं लिहिलंत ते लगेच वाजवून पाहण्यासारखं आहे. आवाजाच्या सेटिंगची भर घालतो.

मूळ ध्वनिपट मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा आहे. नंतर ५.१ (चहूबाजूंच्या स्पीकरसाठीचं) मिश्रण झालं, त्यात काही आवाज वाढवलेले, काही पसरवलेले आहेत. डिस्कच्या मेनूत मोनोचा पर्याय असेल तर पहिल्यांदा तोच निवडा. काही आवृत्त्यांमध्ये मूळ मोनो दिलेलाच नाही, तिथे जे आहे ते ऐकावं लागतं. मोनोत श्वासाचा आवाज, पियानो आणि संवाद एकाच जागेवरून येतात, म्हणून श्वास कुणाचा आणि किती जवळ हे कळत नाही. पसरवलेल्या मिश्रणात त्याला दिशा मिळते आणि कान निर्धास्त होतो.

साउंडबारवर 'सराउंड', 'व्हर्च्युअल', 'थ्रीडी' असलं काहीही नको. 'नाइट मोड' तर नक्कीच बंद करा. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान वाढवतो. या सिनेमातले अचानक येणारे तीव्र सुरांचे फटके मग संवादाइतक्याच जोराचे होतात. आवाजाची पातळी डॉक्टर लूमिसच्या (कथेतला मनोविकारतज्ज्ञ) साध्या बोलण्यावर बसवा, ते आरामात ऐकू आलं की थांबा. नंतर रिमोटला हात लावायचा नाही.

पहिला_बाक

मी अजून पाहिलेला नाही. दोन प्रश्न. रक्त फार सहन होत नाही, तरी चालेल का? आणि सबटायटल लावावीत का?

रीळघर

रक्ताच्या बाबतीत हा सगळ्यात सोपा स्लॅशर (एकामागून एक खून करणाऱ्या माणसाचा भयपट) आहे. सुरुवातीला एक खून, आणि त्यानंतर माणसाचा खून पडद्यावर प्रत्यक्ष घडताना दिसायला पाऊण तासाच्या आसपास जातो. जखमा जवळून दाखवलेल्या नाहीत. बराचसा परिणाम अंधार, चाकूची हालचाल आणि आवाज यांचा. पण इतर गोष्टी माहीत असाव्यात: थोडी नग्नता आहे, गांजा ओढणारी मुलं आहेत, आणि कुत्रा मारल्याचे दोन उल्लेख आहेत, त्यातला एक काही क्षण दिसतो. अनेकांना माणसांपेक्षा तेच जड जातं. लहान मुलांबरोबर पाहायचा सिनेमा नाही.

एकच_स्पीकर

सबटायटल लावायची तर साधी इंग्रजी लावा. बहिऱ्यांसाठीची, ज्यात आवाजांचंही वर्णन असतं, ती पहिल्या खेपेला टाळता आली तर टाळा. कारण 'जड श्वास' असं खाली अक्षरांत येतं तेव्हा तो श्वास तुमच्या कानानं अजून टिपलेलाही नसतो. या सिनेमात माणूस दिसण्याआधी ऐकू येतो, आणि ते आपलं आपल्याला कळण्यात सगळी मजा आहे. ज्यांना ऐकायला कमी येतं त्यांनी अर्थातच पूर्ण वर्णनाची लावावीत. चौकट एवढी बोलकी आहे की त्यांचंही फारसं नुकसान होत नाही.

संवाद सोपे आहेत. शाळकरी मुलींच्या गप्पा आणि डॉनल्ड प्लेझन्सच्या डॉक्टरची मोजकी लांब वाक्यं. सबटायटल नसतील तर नजर खाली जात नाही, आणि इथे खाली पाहायला काही नाही, कडेला आहे.

निळा_उजेड

प्रतींच्या रंगाबद्दल बोलल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. या एका सिनेमाचे रंग प्रत्येक आवृत्तीत वेगळे आहेत.

चित्रीकरण वसंतात झालं, कथा मात्र ३१ ऑक्टोबरची, हॅलोवीन सणाची. म्हणून कागदाची पानं रंगवून पोत्यांत भरली, शॉटपुरती रस्त्यावर पसरली, शॉट झाला की गोळा करून पुढच्या जागी पुन्हा पसरली. झाडं मागे हिरवीगार आहेत, एखाद-दुसऱ्या चौकटीत ताडही दिसतो. कंडीनं दिवसाच्या दृश्यांना उबदार, तपकिरी झाक दिली ती ही हिरवाई झाकायला आणि शरद ऋतूचा भास आणायला. रात्रीला उलट निळा उजेड. खिडकीतून आणि दारातून येणारा तो निळा म्हणजे चांदणं. त्याच्यामुळे अंधाराला आकार मिळतो: दाराची कड दिसते, माणूस दिसत नाही.

१९९९ ची डीव्हीडी कंडीच्या देखरेखीखाली झाली, तिच्यात हे दोन्ही ठसठशीत आहे. २००७ च्या ब्लू-रेत चित्र जास्त स्वच्छ, पण निळा बराच गेला आणि दिवस साधा हिरवट झाला. तिथे मे महिना आहे हे लपत नाही. २०१३ ची ३५ व्या वर्षाची आवृत्ती पुन्हा कंडीनं पाहिलेली. रंग १९९९ पेक्षा सौम्य, तरी हेतू शाबूत. २०२१ ची ४के मूळ निगेटिव्हवरून नव्यानं केली आहे. विकत घ्यायची तर माझं मत २०१३ किंवा २०२१.

ऑनलाइन पाहत असाल तर कुठली प्रत चढवलीय हे कुणी लिहीत नाही. तेव्हा डोळ्यानं ठरवा. शाळेतून घरी चालत येण्याचा प्रसंग आला की हिरवळीकडे बघा. ती झगझगीत हिरवी दिसली तर रंग गेलेली प्रत. टीव्हीवर 'व्हिव्हिड' लावलं असेल तरी तेच होतं, म्हणून आधी ते काढा.

रीळघर

थोडी असहमती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ४के घ्यायला सांगताना सावध असावं. आपल्या घरांतल्या बहुतेक मध्यम किमतीच्या टीव्हींची चमक ४के डिस्कवरच्या एचडीआरला (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्राला) पुरत नाही. मग टीव्ही सगळं चित्र अंधूक करतो, आणि जिथे आधीच अंधार आहे तिथे काळा चौकोन उरतो. अशा सेटवर साधी १०८० ची ब्लू-रे जास्त बरी दिसते.

निळा_उजेड

मान्य. एचडीआर अंधूक वाटलं तर प्लेअरमधून ते बंद करून बघावं. आणि ऑनलाइनला दुसरी अडचण गतीची. नेट हळू झालं की पहिला फटका अंधाऱ्या भागांना बसतो, तिथे डाळीएवढे चौकोन थरथरताना दिसतात. कारण माहिती कमी करताना काळ्यातले बारीक फरक आधी टाकले जातात. डाउनलोडची सोय असेल तर सर्वोच्च दर्जाला आधी उतरवून घ्या.

संथ_चाल

नजर कुठे ठेवायची यावर.

पहिला शॉट सुमारे चार मिनिटांचा, कुणाच्या तरी डोळ्यांतून. घरासमोरून बाजूच्या खिडकीशी, मागच्या दारानं स्वयंपाकघरात, खण उघडून चाकू, मग दिवाणखाना, जिना, वरची खोली. हा शॉट पॅनाग्लाइडवर घेतलाय. पॅनाग्लाइड म्हणजे स्टेडीकॅमला पॅनाव्हिजनचं उत्तर: कॅमेरा चालणाऱ्याच्या अंगावरच्या पट्ट्याला स्प्रिंगच्या हातानं जोडलेला, म्हणून पाऊल पडलं तरी धक्का चित्रात येत नाही. रुळावरच्या ट्रॉलीसारखी सरळ रेष नाही, हातातल्या कॅमेऱ्यासारखी थरथर नाही, मधलीच एक तरंगती चाल. दिसतो सलग, पण आत कट लपवलेत, एक मुखवटा डोळ्यांवर येतो त्या क्षणाच्या आसपास. त्या शॉटमध्ये दिसणारे हात डेब्रा हिलचे आहेत. का, ते शॉट संपला की लक्षात येईल.

आता मुद्दा. त्या चार मिनिटांत सिनेमा तुम्हाला शिकवतो, की कॅमेरा असा तरंगला म्हणजे कुणीतरी बघतंय. पुढे दिवसाउजेडी, रिकाम्या रस्त्यावर कॅमेरा तसाच तरंगतो, आणि दर वेळी तो कुणाचा तरी डोळा असतोच असं नाही. कधी खांदा चौकटीत येतो, कधी कुणीच येत नाही. संशय मात्र तुमच्या मनात राहतो. म्हणून पहिली दहा मिनिटं चुकवून चालणारच नाही.

दुसरं, नायिका बोलत असताना तिच्याकडे बघू नका. तिच्या मागे बघा. दार, खिडकी, जिन्याचा वरचा टप्पा, गाडीची मागची काच. गाडीच्या एका प्रसंगात काचेवर वाफ धरलेली आहे. ती बाहेरून धरलीय की आतून, हा प्रश्न पात्राच्या आधी तुम्हाला पडला तर सिनेमा तुम्हाला कळायला लागला.

भोपळा_कोरीव

मुखवट्याबद्दल राहिलं. नामावलीत त्या माणसाला 'द शेप' म्हटलंय, आकृती. मुखवट्याआड बराचसा वेळ निक कॅसल, कार्पेंटरचा शाळूसोबती नव्हे, फिल्म स्कूलमधला मित्र. रोजचे २५ डॉलर.

मुखवटा सिनेमाचा कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसनं दुकानातून दोन डॉलरच्या आत आणला: 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा रबरी मुखवटा. त्याचे कल्ले आणि भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, केस विस्कटून गडद केले आणि चेहऱ्यावर पांढरा स्प्रे मारला. सगळ्यात महत्त्वाची कृती भोकं मोठी करण्याची. लहान भोकातून नटाचे डोळे चमकताना दिसतात आणि आत माणूस आहे हे जाणवतं. भोक मोठं झालं की कडेची सावली आत पडते आणि वरून उजेड टाकला की तिथे नुसता काळा खड्डा उरतो. घरी कुणी असा मुखवटा करायला गेलं तर हमखास हीच चूक होते: पांढरा रंग चोपडतात, भोकं तशीच ठेवतात, आणि तो विदूषकासारखा दिसतो. रंगही एकसारखा दाट नको. रबर वाकलं की जाड थराला भेगा पडतात आणि पापुद्रे निघतात. हात लांब ठेवून पातळ थर द्यायचे, मधे वाळू द्यायचं.

चेहऱ्यावर भाव नाही, म्हणून कॅसलनं मान आणि चाल वापरली. धावत नाही. एका ठिकाणी आपण केलेल्या गोष्टीकडे बघून तो मान एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करतो. तो प्रसंग आला की कॅमेरा किती स्थिर आहे तेही बघा. काही सेकंद कुणी हलत नाही, फक्त ती मान.

पहिला_बाक

सर्वांचे आभार, टीव्हीत मोशनफ्लो चालूच होतं, बंद केलं. यानंतर काय पाहावं? 'फ्रायडे द थर्टीन्थ' लगेच पाहिला तर?

काळी_पट्टी

लगेच नको. आधी मागे जा. 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४), कॅनडाचा, बॉब क्लार्कचा. सणाची रात्र, घर, फोन आणि खुनी माणसाच्या डोळ्यांतून कॅमेरा, हे सगळं 'हॅलोवीन'च्या चार वर्षं आधी तिथे आहे. त्याच वर्षीचा 'टेक्सस चेनसॉ मॅसेकर' नावावरून वाटतो त्यापेक्षा खूप कमी रक्ताचा आहे, पण छळ जास्त करतो, तेव्हा तब्येत सांभाळून पाहा.

मग 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०). तो पाहताना हॉकीचा मुखवटा शोधत बसू नका, तो तिसऱ्या भागात, १९८२ मध्ये आला. पहिल्या भागात खुनी कोण हे कुठेही वाचू नका. इथे भीतीची जागा करामतीनं घेतली, आणि ती करामत खोट्या जखमा आणि रक्त बनवणाऱ्या टॉम सॅव्हिनीची.

भोपळा_कोरीव

सॅव्हिनीच्या कामात बघण्यासारखी एक जागा: पलंगावर पडलेल्या पात्राच्या गळ्यातून बाण बाहेर येतो तो प्रसंग. नट पलंगाखाली गुडघ्यांवर, डोकं फक्त गादीतल्या भोकातून वर. मान आणि छाती खोटी, गळ्याला जोडलेली. खालून एक जण बाण ढकलतो, दुसरा नळीतून रक्त पंप करतो. ऐन वेळी पंपाची नळी निसटली. खोटी छाती एकदाच फाडता येत होती, पुन्हा शॉट घेणं शक्य नव्हतं, म्हणून सहायकानं नळी तोंडात धरून फुंकली. त्यामुळे रक्त सरळ धारेत न येता बुडबुड्यांसकट उसळतं, आणि तेच खरं वाटतं.

त्या काळचं हे रक्त म्हणजे कॉर्न सिरप, लाल रंगात थोडा पिवळा खाद्यरंग, आणि झिंक ऑक्साइड, त्यानं द्रव पारदर्शक राहत नाही. पिवळा विसरला तर कॅमेऱ्यात ते गुलाबी सरबत दिसतं. 'सायको' (१९६०) कृष्णधवल होता म्हणून तिथे चॉकलेट सिरपवर भागलं. 'हॅलोवीन'ची नायिका जेमी ली कर्टिस ही त्याच 'सायको'तल्या जॅनेट लीची मुलगी, आणि डॉक्टरचं लूमिस हे आडनावही 'सायको'तून उचललेलं.

झपताल१०

एक शंका. माझ्याकडच्या जुन्या डिस्कवर धून काळी तीनला जुळत नाही, चढी वाटते. पूर्ण पट्टी नाही, पाऊण पट्टी. पेटी तपासली, ती बरोबर आहे.

काळी_पट्टी

डिस्कची लांबी बघा. ८७ मिनिटं आहे ना? म्हणजे ती पाल प्रत, युरोप-भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीसाठीची. २४ चौकटींचा सिनेमा सेकंदाला २५ नं चालवलाय, चार टक्के जलद. ९१ ची साधारण सत्त्याऐंशी होतात आणि सूर जवळजवळ पाऊण पट्टी चढतो, तुमच्या कानानं अगदी बरोबर पकडलं. काही पाल प्रतींमध्ये सूर दुरुस्त केलेला असतो, तुमच्यात नाही. चालही थोडी घाईची होते, आणि इतक्या संथ सिनेमात ते जाणवतं. पहिल्यांदा पाहणाऱ्यानं ८७ मिनिटांची प्रत टाळावी हे रीळघर यांच्या यादीत घालायला हवं.

झपताल१०

८७ च आहे.

पहिला_बाक

शेवटचा प्रश्न: दुसरा भाग त्याच रात्री लावला तर? कथा तिथूनच पुढे सुरू होते असं वाचलं.

रीळघर

हो, १९८१ चा दुसरा भाग त्याच रात्री पुढे चालू होतो. पण तो रिक रोझेंथालनं दिग्दर्शित केला, तोवर 'फ्रायडे'चा काळ आला होता आणि रक्त बरंच वाढलं. मुखवटा तोच आहे, तीन वर्षांत पिवळा पडलेला, हे मात्र बघण्यासारखं. दोन्हींत निदान एक दिवस जाऊ द्या.

आणि ऑनलाइन पाहणार असाल तर पुढचा सिनेमा आपोआप सुरू होण्याचं सेटिंग आधीच बंद करून ठेवा. नावं सुरू व्हायच्या बेतात ही ॲप चित्र कोपऱ्यात बारीक करतात आणि जाहिरात मोठी करतात. या सिनेमात शेवटी ओळीनं काही रिकाम्या जागा दिसतात आणि त्यांच्यावर एक आवाज आहे. नावं सुरू होऊन धून पुरी होईपर्यंत दिवा लावू नका.